रहस्यकथेतील सरदारकन्या आणि भोपाळच्या बेगमा

केवळ करमणुकीसाठी वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलताना सुशिक्षित मनुष्य थोडासा संकोचतो. प्रवासात, आजारपणात किंवा पावसाळ्यातील एखाद्या रिकाम्या दुपारी वाचलेली रहस्यकथा त्याला मनापासून आवडलेली असते; परंतु ती आवडली हे तो चारचौघांत सहसा बोलून दाखवीत नाही. वस्तुतः या संकोचाला फारसे कारण नाही. मनाचा शीण घालविणे हेही पुस्तकाचे एक काम आहे, आणि ते नीट करणारे पुस्तक टाकाऊ ठरत नाही. मात्र अशा पुस्तकाकडून काय मिळते आणि काय मिळू शकत नाही, हे वाचकाने ओळखलेले बरे. जेथे कथेचा विषय इतिहास असतो, तेथे तर ही ओळख अधिकच आवश्यक ठरते.

गेल्या काही दशकांत इंग्रजीमध्ये रहस्यकथेचा एक उपप्रकार फार लोकप्रिय झाला आहे. कथानक शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे, नायिका राजघराण्यातील किंवा सरदारघराण्यातील, संवाद खेळकर. खून होतो, परंतु रक्ताचे वर्णन बेताचेच असते. प्रेमाची एक नाजूक रेषा कथेच्या कडेकडेने चालते, आणि शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार उघडकीस येऊन विस्कटलेली घडी पुन्हा बसते. ऱ्हीस बोवेन या लेखिकेची ‘हर रॉयल स्पायनेस’ ही २००७ मध्ये निघालेली कादंबरी या प्रकाराचा चांगला नमुना म्हणता येईल. तिची नायिका लेडी जॉर्जियाना ही इंग्लंडच्या गादीच्या वारसांमध्ये चौतिसावी. काळ १९३२ चा. नाव मोठे, परंतु हाती पैसा नाही. भावाने तनखा बंद केला म्हणून ती लंडनला येते, आणि पोटासाठी गुपचूप लोकांच्या घरांची साफसफाई करू लागते. अशातच तिच्याच घराच्या न्हाणीघरात एका परक्या मनुष्याचे प्रेत सापडते, संशय तिच्या भावावर येतो, आणि घराण्याची अब्रू वाचविण्यासाठी तिला तपासात उतरावे लागते.

नायिका थोर घराण्यातील असण्यात लेखकाच्या पुष्कळ सोयी असतात. पहिली सोय प्रवेशाची. सामान्य स्त्रीला जे दरवाजे बंद असतात ते हिला उघडे असतात. राजवाड्यातील मेजवानीला तिला निमंत्रण असते, आणि पोलीस अधिकारीही तिच्याशी अदबीने बोलतो. दुसरी सोय रिकाम्या वेळेची, कारण तपासाला वेळ लागतो आणि पोटामागे धावणाऱ्या माणसापाशी तो नसतो. तिसरी सोय संकटाची. तिच्या अंगी चातुर्य असूनही घराणे, रीतिरिवाज आणि विवाहाची घाई ही बंधने तिच्या पायांत असतात. या बंधनांशी चाललेली तिची लपाछपी हाच कथेतील अर्धा विनोद होय. वाचकाला राजवाडाही पाहावयास मिळतो आणि राजवाड्याला दिलेला चकवाही. या प्रकाराची गोडी आहे ती याच दुहेरी सुखात.

मराठी वाचकाला यातील दोन्ही धागे स्वतंत्रपणे परिचित आहेत. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, ऐतिहासिक कादंबरी मराठीत रुळली. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथा घरोघरी पोहोचविली, आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या हजारावर गेली. परंतु हे दोन प्रवाह आपापल्या पात्रांतून वाहत राहिले. ऐतिहासिक कादंबरी गंभीर आणि अभिमानाची. रहस्यकथा आधुनिक शहराची. इतिहासातील राजस्त्रीला खेळकर रहस्यकथेची नायिका करण्याचा प्रघात मराठीत फारसा पडला नाही.

सुजाता मॅसी यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांमुळे मात्र हा प्रकार मराठी मुलखाच्या अगदी जवळ आला आहे. त्यांची नायिका परवीन मिस्त्री ही १९२० नंतरच्या मुंबईतील पारशी वकील. ‘दि सातापूर मूनस्टोन’ या २०१९ च्या कादंबरीत तिला सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानात जावे लागते. तेथील राजा निवर्तला आहे, त्याचा वारस अल्पवयी आहे, आणि त्याच्या शिक्षणावरून त्याची आई व आजी यांच्यात वाद पेटला आहे. दोघीही पडद्यात राहणाऱ्या असल्यामुळे त्यांच्याशी समोरासमोर बोलावयास स्त्री वकीलच हवी. ही कल्पना हवेतून आलेली नाही. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याचा अभ्यास केला, १८९२ मध्ये तेथील परीक्षा दिली, आणि १९०४ पासून बंगालमध्ये सरकारी नेमणुकीवर पडदानशीन वारसदार स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणे हाताळली. तात्पर्य, बंद जनानखाना, अल्पवयी वारस, गादीवर डोळा ठेवणारे आप्त आणि मध्येच उभी असलेली एक हुशार स्त्री, ही सामग्री कादंबरीकारांनी निर्माण केली नाही. ती त्यांना इतिहासाकडून आयती मिळाली.

ही सामग्री हिंदुस्थानात जितकी भोपाळमध्ये सापडते तितकी क्वचितच अन्यत्र सापडेल. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, या संस्थानाचा कारभार एकामागून एक चार स्त्रियांनी चालविला. कुदसिया बेगम, तिची मुलगी सिकंदर बेगम, तिची मुलगी शाहजहान बेगम आणि तिची मुलगी सुलतान जहान बेगम. आईकडून मुलीकडे अशी चार पिढ्या सत्ता गेल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासातही दुर्मिळ आहे. आणि या परंपरेचा आरंभ झाला तो पिस्तुलाच्या एका गोळीने.

ती हकीकत रहस्यकथेच्या पद्धतीनेच मांडून पाहण्यासारखी आहे. स्थळ इस्लामनगरचा वाडा, भोपाळ शहरापासून काही मैलांवर. या गावाला २०२३ पासून जगदीशपूर हे नाव आहे. काळ नोव्हेंबर १८१९. भोपाळचा तरुण नवाब नझर मुहम्मद खान आपल्या कुटुंबात विसावला होता. जवळ त्याचा मेहुणा, फौजदार मुहम्मद खान नावाचा आठ वर्षांचा मुलगा, खेळत होता. नवाबाचे पिस्तूल या मुलाच्या हाती लागले, गोळी सुटली आणि नवाब जागीच ठार झाला. मागे राहिली ती विशीच्या उंबरठ्यावरील विधवा कुदसिया आणि तिची तान्ही मुलगी सिकंदर. मृत्यू अपघाती असल्याचा निर्णय झाला, आणि इंग्रजांनीही तो मान्य केला.

आता रहस्यकथेतील गुप्तहेर येथे काय विचारील? तो प्रथम विचारील की, या मृत्यूने लाभ कोणाचा झाला. आणि हा प्रश्न विचारताच साध्या अपघाताभोवती सावल्या जमू लागतात. गोळी सुटली ती ज्याच्या हातून, तो मुलगा कुदसियाचा सख्खा भाऊ, म्हणजे घौस मुहम्मद खानाचा पुत्र. हा घौस मुहम्मद नावाचा नवाब होता. खरी सत्ता त्याच्या हातून वजीर मुहम्मद खानाने घेतलेली होती. वजीर मुहम्मद म्हणजे तोच, ज्याने १८१३ च्या सुमारास नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी घातलेल्या वेढ्यात भोपाळ लढविले. मराठी वाचकाने तो प्रसंग वाचला असेल तर बहुधा वेढा घालणारांच्या बाजूने. आत अडकलेल्यांच्या बाजूने तो पाहिला म्हणजे या घराण्याचे स्वरूप अधिक ध्यानात येते. मृत नझर मुहम्मद हा याच वजीर मुहम्मदाचा मुलगा. म्हणजे सत्ता गमावलेल्या शाखेतील बालकाच्या हातून सत्ता मिळविलेल्या शाखेचा पुरुष मारला गेला होता. शिवाय नझर मुहम्मदाचा थोरला भाऊ अमीर मुहम्मद हाही बाजूला सारला गेलेला होता, आणि त्याला मुलगे होते. इंग्रजांशी तह होऊन तर जेमतेम पावणेदोन वर्षे झाली होती. आणि सरतेशेवटी कारभार ज्या स्त्रीच्या हाती आला, ती स्वतः मारणाऱ्याची बहीण आणि मेलेल्याची पत्नी होती. कसबी कादंबरीकार संशयाची सुई यांपैकी प्रत्येकाकडे आळीपाळीने वळवील, आणि अखेर जो कोणाच्या ध्यानीमनी नाही त्याच्यापाशी ती थांबवील.

इतिहासाला असे करता येत नाही. अपघात नव्हता असे म्हणण्यास पुरावा नाही. आणि लाभ झाला म्हणून गुन्हा घडला, हे तर्कशास्त्र कादंबरीत चालले तरी न्यायात चालत नाही. आठ वर्षांचे मूल भरलेल्या पिस्तुलाशी खेळते आणि अनर्थ होतो, यात असंभवनीय असे काही नाही. कादंबरीत योगायोग हा दोष मानला जातो, कारण तेथे प्रत्येक वस्तू लेखकाने हेतुपुरस्सर ठेवलेली असते. जीवनात मात्र राज्ये पुष्कळदा योगायोगानेच उलथतात. रहस्यकथा वाचून तयार झालेल्या मनाला हा धडा पचविणे जड जाते, आणि म्हणूनच तो उपयुक्त आहे.

परंतु या प्रसंगातील खरी गोष्ट पिस्तुलापाशी संपत नाही. ती तेथे सुरू होते. कादंबरीतील सरदारकन्येचे काम गुन्हेगार शोधण्याचे असते. कुदसियापुढे काम होते ते दुसऱ्या दिवशी राज्य कोण चालविणार हे ठरविण्याचे. तिने आपल्या तान्ह्या मुलीचा हक्क पुढे केला आणि ती मोठी होईपर्यंत कारभार स्वतःकडे घेतला. तडजोड अशी झाली की, मुलीचा विवाह अमीर मुहम्मदाच्या मुलाशी व्हावा आणि पुढे तो नवाब व्हावा. प्रथम ठरलेल्या मुनीर मुहम्मदाने वेळेपूर्वीच अधिकार मागितला. १८२७ मध्ये त्याला बाजूला करून त्याचा भाऊ जहांगीर याची निवड झाली. कुदसियाने विवाह लांबणीवर टाकला, तो अखेर १८३५ मध्ये झाला. या सोळा-सतरा वर्षांत ती पडदा सोडून दरबारात बसली, घोड्यावर बसावयास शिकली, आणि गोहर महाल बांधून तेथून राज्य चालविले. १८३७ मध्ये तिला सत्ता सोडावी लागली. त्यानंतरही ती दीर्घकाळ जगली. शहराची जामा मशीद तिने बांधविली आणि रहिवाशांसाठी नळाच्या पाण्याची सोय केली.

आणि फौजदार मुहम्मद? रहस्यकथेचा वाचक त्याची शिक्षा शोधीत असेल, तर त्याची निराशा होईल. १८४४ मध्ये जहांगीर वारला. गादी सिकंदरची लहान मुलगी शाहजहान हिच्याकडे गेली. आणि तिच्या वतीने राज्य पाहण्यास ज्याची योजना झाली, तो हाच फौजदार मुहम्मद खान होय. ज्याच्या हातच्या गोळीने पंचवीस वर्षांपूर्वी राजा मेला, त्याच्याच हाती आता त्या राजाच्या नातीचे राज्य आले. कोणत्याही कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता, तर टीकाकारांनी त्याला अतिरंजित म्हटले असते. तीन वर्षांच्या आत, १८४७ मध्ये, त्याला ती जागा सोडावी लागली आणि सिकंदर बेगम एकटी कारभारी झाली. परंतु तीही खुनाची चौकशी होऊन नव्हे, तर राज्यकारभाराच्या ओढाताणीतून.

सिकंदरचे चरित्र पाहिले म्हणजे कादंबरीतील नायिकेच्या सुखकर संकटांची आणि खऱ्या संकटांची तुलना अधिक तीव्रतेने मनात उभी राहते. कादंबरीत नायिकेला नकोशा वराशी विवाह टाळावयाचा असतो, आणि ती तो एखाद्या विनोदी युक्तीने टाळते. सिकंदरला तो टाळता आला नाही. ती गरोदर असताना पतीने तिच्यावर तलवार चालविली. जखमी अवस्थेत तिने आईसह भोपाळ सोडले आणि आश्रय घेतला तो इस्लामनगरलाच, जेथे तिच्या वडिलांना गोळी लागली होती. तेथे १८३८ मध्ये शाहजहानचा जन्म झाला. पुढे याच सिकंदरने राज्याचे कर्ज, महसूल आणि सैन्य यांची व्यवस्था लावली; १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू घेतली; आणि मुलीच्या नावाने नव्हे तर स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता मिळविली. १८५७ मधील तिची भूमिका आजच्या वाचकाला रुचेल किंवा रुचणार नाही. परंतु खेळकर कादंबरीत राजस्त्रीच्या हातून असा निर्णय सहसा घडतच नाही, की ज्याचा जाब दीडशे वर्षांनंतरही विचारला जावा.

येथे वाचकासाठी पहिली कसोटी हाती येते. कादंबरीतील थोर घराण्याची नायिका स्वतंत्र असते. परंतु ते स्वातंत्र्य आले कोठून, हे विचारावे. बहुतेक कादंबऱ्यांत ते तिच्या स्वभावातूनच उगवते. ती जन्मतः धीट आणि तिचा काळ तेवढा मागासलेला, अशी विभागणी असते. भोपाळचा इतिहास इतका सरळ नाही. कुदसिया आणि सिकंदर पडद्याबाहेर वावरल्या. परंतु त्यांच्यामागून आलेली शाहजहान बेगम १८७१ मधील आपल्या दुसऱ्या विवाहानंतर पुन्हा पडद्यात गेली. तिची मुलगी सुलतान जहान हिने बुरख्यात राहूनच राज्य केले, मुलींच्या शाळा काढल्या आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे पहिले कुलपतिपद भूषविले. पडदा तिने सोडला तो आयुष्याच्या अगदी अखेरीस. अर्थात् पडदा गेला म्हणजे बळ आले आणि पडदा आला म्हणजे ते गेले, असा हिशेब येथे मांडता येत नाही.

दुसरी कसोटी अशी की, कथेत गरिबांचे स्थान काय आहे ते पाहावे. सरदारकन्येच्या रहस्यकथेत दासी, खानसामा, माळी आणि सारथी यांच्यावाचून तपास पुढे सरकत नाही. ते चोरून ऐकतात, पत्रे पोहोचवितात, योग्य वेळी खरे बोलतात आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा मुकाट्याने चहा आणून ठेवतात. नोव्हेंबर १८१९ मध्ये इस्लामनगरच्या वाड्यातही नोकरचाकर होतेच. त्यांनी जे पाहिले वा ऐकले असेल, त्याची कहाणी घराण्याच्या इतिहासात नाही. एखादी कादंबरी अशा मुक्या साक्षीदारांना माणूस म्हणून उभे करीत असेल, तर इतिहासाने रिकामी ठेवलेली जागा ती भरून काढते, आणि तेवढ्यापुरती ती इतिहासाहून पुढे जाते. परंतु त्यांना केवळ सोयीची प्यादी म्हणून वापरीत असेल, तर तिची खेळकर वृत्ती कोणाच्या खर्चाने चालली आहे हे वाचकाने ओळखावे.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : कथा कोण सांगत आहे? भोपाळच्या बेगमांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी आपली हकीकत इतरांवर सोपविली नाही. सिकंदर बेगमेने १८६३-६४ मध्ये केलेल्या मक्केच्या यात्रेचा वृत्तान्त लिहिला. तो १८७० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि बाजारभाव, जकात व अस्वच्छता यांविषयीची तिची कारभारी नजर त्यात दिसते. शाहजहान बेगमेने ‘ताज-उल-इक्बाल’ हा भोपाळचा इतिहास लिहिला, आणि सुलतान जहान बेगमेने आत्मचरित्र. हीच परंपरा पुढे सुलतान जहानची नात आबिदा सुलतान हिच्यापर्यंत आली. १९१३ मध्ये जन्मलेली ही राजकन्या शिकार करी, हॉकी खेळे आणि विमान चालवी. आपल्या मुलाचा ताबा मागणाऱ्या पतीकडे ती १९३५ मध्ये एके रात्री स्वतः मोटार हाकीत गेली, आणि भरलेले रिव्हॉल्वर पुढे ठेवून, हिंमत असेल तर आपल्याला मारावे असे आव्हान तिने दिले. १९५० मध्ये ती पाकिस्तानात गेली आणि २००२ मध्ये कराचीत वारली. तिच्या आठवणींचे पुस्तक २००४ मध्ये निघाले. घराण्याचा आरंभ झाला त्याही प्रसंगी एक पिस्तूल होते, आणि याही प्रसंगी एक होते. फरक इतकाच की, पहिल्या प्रसंगाची हकीकत इतरांनी सांगितली. दुसऱ्याची त्या स्त्रीने स्वतः सांगितली.

स्वतः लिहिलेली हकीकत म्हणजे संपूर्ण सत्य असे मात्र समजण्याचे कारण नाही. राज्यकर्ती लिहू लागली की घराण्याची बाजू राखूनच लिहिते; जे बोलावयाचे नाही ते ती मोठ्या सभ्यतेने टाळते. आणि नेमके येथेच रहस्यकथेचे शिक्षण कामी येते. साक्षीदार काय सांगतो याबरोबरच तो काय सांगत नाही हेही ऐकावयाचे, दोन जबान्या शेजारी ठेवून पाहावयाच्या, ज्याने लाभ झाला त्याच्या शब्दाला थोडे थांबून वजन द्यावयाचे, ही सवय वाचकाला शंभर हलक्याफुलक्या कादंबऱ्यांनी नकळत लावलेली असते. तीच सवय घेऊन तो बेगमांच्या ग्रंथांकडे वळला, तर त्याने करमणुकीत घालविलेला वेळ वाया गेला असे कोण म्हणेल?

म्हणून सरदारकन्येची रहस्यकथा आनंदाने वाचावी. तिच्या युक्त्यांना हसावे, आणि शेवटच्या प्रकरणात घडी नीट बसल्याचे समाधानही मनमोकळेपणाने घ्यावे. ते समाधान जीवन देत नाही, म्हणूनच माणसाला ते कथेत हवे असते. मात्र पुस्तक मिटल्यावर एवढे स्मरावे की, खऱ्या राजवाड्यातील स्त्रीला शेवटच्या प्रकरणाची वाट पाहता येत नव्हती. गोळी कशी सुटली याचे उत्तर मिळो अथवा न मिळो, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दरबार भरवावाच लागला. भोपाळच्या तलावाकाठी आजही उभा असलेला गोहर महाल त्या सकाळीची आठवण देतो. तेथे कोणतेही रहस्य उलगडले नाही; परंतु ज्या मुलीच्या नावाने तेथून राज्य चालविले गेले, तिने पुढे ते स्वतःच्या नावाने चालविले.